उतारावर उभी राहणारी गाडी

गंगारामभाऊजींची पिकअप अजून त्यांच्या दारापुढच्या उतारावर उभी आहे. पुढच्या चाकाखाली दगड, दगडाला सुतळी, आणि सुतळीचं दुसरं टोक ड्रायव्हरच्या खिडकीतून आत. सीटवर बसून सुतळी ओढली की दगड निघतो आणि गाडी आपली आपण खाली चालायला लागते. ही युक्ती त्यांचीच. आता सुतळी ओढणारा माणूस राहिला नाही. जावई म्हणतो, भंगारात घालू. भाऊजींची बायको पंचफुला म्हणते, "एकदा चावडीपुढं नेऊन उभी कर, मंग घाल कुठं घालायची ती." जावई परभणीकडचा, त्याला आमच्या चावडीचं काय ठाऊक? तो माझ्याकडं पाहतो आणि मी सुईत दोरा ओवायला लागते. पण किती दिवस ओवणार? म्हणून लिहायला बसले.

मी शाळेत गेलेली नाही. लेकीच्या पाटीवरून अक्षरं उचलली, मग दुकानांच्या पाट्या, मग मिळेल ते. त्यामुळं मला बोलते तसंच लिहिता येतं. गोड मानून घ्या.

आमचं गाव शिरड शहापूरच्या अलीकडं, औंढ्याच्या रस्त्यावरून थोडं आत. गावाच्या खालच्या अंगाला आमची बौद्धवस्ती. भाऊजींच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. त्यांच्याकडं फोडणी बसली की माझ्याकडं शिंक यायची. माझे मालक त्यांच्याहून मोठे, म्हणून मी वैनी आणि ते भाऊजी. उंच, हडकुळा माणूस. चालताना कायम थोडा मागं रेललेला. सपाट जमिनीवरही कुठं तरी उतरून राहिल्यासारखा. आणि मान एका बाजूला, म्हणजे कुठलं तरी इंजन दूरवर चालू आहे आणि त्याचा आवाज ते ऐकताहेत असं वाटायचं.

गाडी नांदेडच्या एका भाजीवाल्याकडून घेतलेली. घेतली तेव्हाच म्हातारी होती. डिझेलचं इंजन तेवढं वाघासारखं, बाकी विजेवर चालणारी एकही गोष्ट तिच्यात धड नव्हती. हॉर्न नव्हता, तर भाऊजी खिडकीतून हात काढून दारावर थापा मारायचे. तो आवाज आला की वस्तीतल्या कोंबड्यासुद्धा बाजूला व्हायच्या. वायपरला दोन्हीकडून दोरी. पाऊस लागला की डाव्या बाजूला बसणाऱ्यानं एकदा ओढायची, उजवीकडून ते ओढायचे, ताक घुसळल्यासारखं. आणि डावीकडं वळायचं झालं की हाक यायची, "पंचफुला, हात!" मग पंचफुलाचा बांगड्यांचा हात खिडकीतून बाहेर. तोच गाडीचा इंडिकेटर. पंचफुला नसेल तर जो बसला असेल त्याला ते काम. एकदा ग्रामसेवक साहेब बसले होते. इस्त्रीचा शर्ट, हातात घड्याळ. भाऊजी म्हणाले, "साहेब, हात." साहेबांनी त्यांच्याशी हात मिळवायला पुढं केला. भाऊजी म्हणाले, "मला न्हाई साहेब, बाहीर. मागच्या ट्रकवाल्याला."

पण सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे सेल्फ. चावी फिरवून ही गाडी कधी सुरू झालीच नाही. धक्का द्या नाही तर उतार द्या. आणि भाऊजी धक्का कुणाला मागायचे नाहीत. कधीच नाही. त्यामुळं त्यांचं सगळं आयुष्य उतारावर आलं होतं. कुठं थांबायचं, कुणाकडं चहा घ्यायचा, कुठल्या दुकानातून खत आणायचं, हे सगळं उतार ठरवायचा. नवीन जागी गेले की आधी खाली उतरून बाटलीतलं पाणी जमिनीवर ओतायचे आणि उकिडवं बसून पाहायचे, कुठं वाहतंय. पाणी चाललं की मगच गाडी लावायचे. औंढ्यात दात काढायचा होता, तर चांगला डॉक्टर सोडून चढावरच्या दवाखान्यात गेले. त्यानं शेजारची दाढ उपटली. गाल सुजवून घरी आले आणि म्हणतात कसे, "दाढ चुकली वैनी, पण गाडी बराबर सुरू झाली."

लेकीचं स्थळ पाहायला गेलो तेव्हा तर कहर. पोरगं चांगलं, घर चांगलं, पोहे खाल्ले, सगळं जुळत आलं. आणि हे गप्प. पंचफुलानं कोपरानं ढोसलं तर म्हणाले, "समदं खरं हाय. पण घरापुढं उतार न्हाई." ते हेच जावई. लग्नानंतरही लेकीकडं गेले की गाडी गावाबाहेरच्या टेकाडावर लावायचे आणि तिथून चालत जायचे. व्याह्यांना वाटायचं, सोयरा तब्येतीसाठी चालतो.

आम्ही हसायचो. वस्तीतली पोरं कितीदा धावून आली असतील, "काका, आमी ढकलतो की!" तर लगेच, "बाजूला व्हा रे, उतार हाय." आम्हाला वाटायचं, गाडीला कुणाचा हात लागू द्यायचा नाही, इतका लोभ.

आणि लोभ म्हणावा तर तसंही नाही. कुणाचं बाळंतपण असो, कुणाचं सोयाबीन मोंढ्याला न्यायचं असो, कधीही हाक मारा, सुतळी ओढली आणि निघाले. फक्त एका कामाला गाडी द्यायचे नाहीत. जयंतीच्या मिरवणुकीला. दरवर्षी वस्ती औंढ्याहून ट्रॅक्टर आणायची आणि दरवर्षी टोमणे. "गंगारामच्या गाडीला वाकळ पांघरून ठेवा रे, नजर लागंल." भाऊजी हसून घ्यायचे. पंचफुला तेवढी खाली मान घालून भाकरी थापायची. तिला ठाऊक होतं. आम्हाला कुणाला नव्हतं.

मग एका हिवाळ्यात गाडीत सोयाबीनची पोती राहिली आणि उंदरांनी घर केलं. दाणे खाल्ले ते खाल्ले, वर वायरीही कुरतडल्या. एक दिवस डॅशबोर्डमागून धूर निघाला. भाऊजींनी मूठभर माती फेकून विझवला आणि गाडी उतारा-उतारानं औंढ्याच्या उस्मान मिस्त्रींकडं नेली. मी आणि पंचफुला सोबत होतो. मिस्त्रींनी डॅशबोर्ड उघडला, आत पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"गंगारामभाई, ये वायरिंग नहीं, चूहे का घोंसला है. ऊपर से तुम्हारी गाठां. कितने साल से गाठां मार रहे?"

"जव्हापासून घेतली तव्हापासून."

"अब गाठ मारना नक्को. पूरी वायरिंग निकालो, नई डालो. सेल्फ भी चलेगा, लाइट भी, हॉर्न भी."

"सेल्फ चालंल?"

"चावी घुमाओ, इंजन चालू. दुनिया में ऐसाच होता है, भाई."

भाऊजींनी उघड्या डॅशबोर्डमधली एक गाठ बोटानं चाचपली. मान एका बाजूला. मग म्हणाले, "बसवतो मीच. कसं ते सांगा."

मिस्त्रींनी अख्ख्या गाडीच्या नव्या वायरिंगचा गुंडाळा दिला आणि बराच वेळ समजावून सांगितलं. आम्ही निघालो तरी ते मागून ओरडत होते, "और सुनो! अर्थ की जगह घिस के चमका लेना. लोहा नंगा होना, समझे?" अर्थ म्हणजे काय ते मला तेव्हाच कळलं. बॅटरीतून निघालेली वीज परत जाते ती गाडीच्या अंगातून, लोखंडातून. म्हणून एक जाड वायर सरळ सांगाड्याला बोल्टनं आवळतात. लोखंडाला लोखंड भिडलं पाहिजे.

दोन्ही घरांच्या मधल्या अंगणात काम सुरू झालं. पंचफुलानं जुनी वाकळ अंथरली. भाऊजींनी आधी बॅटरीची तोंडं सोडली, मग जुनी वायरिंग एका अंगानं मोकळी करत सगळीच्या सगळी बाहेर काढली आणि वाकळीवर पसरली. तुरीचं झाड मुळासकट उपटून आडवं टाकावं तशी दिसत होती. मधी जाड खोड, तिथून फांद्या. ही दिव्याला, ही हॉर्नला, ही मागच्या लाल दिव्याला. प्रत्येक टोकाला मी ब्लाऊजच्या कापडाची चिंधी बांधली, म्हणजे कुठली कुठं होती ते राहावं. शेजारी नवीन पसरली आणि फांदीला फांदी लावून पाहिली. दर थोड्या अंतरावर जुनीत एक गाठ, कुठं चिकटपट्टी, कुठं सायकलच्या ट्यूबचा तुकडा. पंचफुला म्हणाली, "मेल्यानं अख्खी जवानी हिच्यात बांधली."

इंजनाकडून आत डॅशबोर्डमागं वायरी जातात त्या एका रबरी भोकातून. तिथं नवीन शिरेचना. मी म्हणलं, "भाऊजी, परकराची नाडी निघाली तर आपण काय करतो? नवी नाडी जुन्या नाडीला बांधायची अन् जुनी ओढायची." त्यांनी तसं केलं. ते आतून ओढत होते, मी बाहेरून सरकवत होते. एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. म्हणूनच बोलले असतील. समोर बसून हा माणूस बोलला नसता.

"वैनी, यंदा जयंतीला आपली गाडी देतो."

"द्या की. येवढ्या वर्षांत काहून दिली न्हाई?"

"ही गाडी आणली तो दिवस आठवतो का तुमाला?"

"पंचफुला नारळ घेऊन उभी होती. अन् तुमी पायी आले."

"पायीच आलो. ढकलत." वायर थोडी सरकली. "चावडीपुढं बंद पडली. मी मुद्दाम गावातून आणली होती, समद्यांनी पाहावं म्हणून. पारावर चौघं-पाचजण पत्ते खेळून राहिले होते. बापूराव मधी. मी म्हणलं, दादा, जरा हात लावता का. कुणी न्हाई म्हणलं न्हाई, वैनी. शिवी न्हाई, काही न्हाई. बापूरावांनी हातातलं पान टाकलं अन् शेजारच्याला म्हणले, टाक, तुझी पाळी."

"मंग?"

"मंग काय. तिथली जागा परातीसारखी सपाट. एक हात स्टेअरिंगला अन् खांदा दाराला. वस्तीपर्यंत आणली. मागून पानं आपटल्याचा आवाज येऊन राहिला होता. मला राग न्हाई आला, वैनी. लाज वाटली. तेंना वाटायला पाह्यजे होती, वाटली मला. ओढू का?"

"ओढा," मी म्हणलं.

मला तेव्हा सगळे उतार आठवले. बाटलीतलं पाणी, चुकीची दाढ, जावयाच्या गावचं टेकाड. आम्ही ज्याला हसत होतो ते हे होतं. या माणसानं पुन्हा कुणाला "हात लावता का" म्हणायला लागू नये म्हणून अख्खं आयुष्य तिरपं करून घेतलं होतं. आणि चावडीपुढच्या रस्त्यानं तर ते जातच नव्हते. ओढ्याकडून वळसा घालून यायचे. जयंतीची मिरवणूक मात्र चावडीपुढून जाते. आता सेल्फ लागणार होता, म्हणून गाडी तिथं न्यायची होती.

त्यांनी अर्थची जागा पॉलिश पेपरनं घासून आरशासारखी केली. मला बोलावून दाखवली. आणि इथंच पाहा माणूस कसा फसतो. बॉनेटखालचं सगळं मोकळं झालंच आहे, तर जयंतीसाठी रंगही देऊन घ्यावा असं त्यांच्या मनात आलं. निळा. बाहेरून तर दिलाच, पण आतून, बॉनेटखाली, सांगाड्याला, जिथं कुणाची नजर जाणार नाही तिथंही दिला. एक हात सुकला की वर दुसरा. जीव ओतून दिला. आणि मग रंगावरच अर्थची वायर बोल्टनं आवळली. बोल्टच्या आट्यांतून लोखंड कसंबसं भिडत होतं, तेवढ्यावर सुरुवातीला निभावलं. कुणाच्या ध्यानात आलं नाही. गाडी नवरदेवासारखी दिसत होती.

चावी फिरवली आणि इंजन सुरू झालं. अंगणात, सपाटीवर. भाऊजी स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसते बसले. मग हॉर्न दाबला तो इतका वेळ की माझी शेळी दावं तोडून पळाली. मग खाली उतरून इंडिकेटर लुकलुकतो तो पाहत गाडीभोवती फिरले. पंचफुला म्हणाली, "आता माझं काय काम?" ती हसत होती, पण जरा रुसली होतीसुद्धा.

जयंतीला गाडीवर कमान बांधली, प्रतिमा ठेवली, दिव्यांच्या माळा सोडल्या. मी गाडीच्या मागच्या अंगाला बायकांबरोबर चालत होते. पोरं नीळ उधळत होती, मागच्या फळीवर बोटभर थर बसला होता. मिरवणूक चावडीपुढं आली. तिथं हल्ली गावातर्फे हार घालतात. काळ बदलला म्हणायचा. सरपंचांनी हार घातला, त्रिशरण पंचशील सुरू झालं. आणि भाऊजींनी इंजन बंद केलं. बंद करायची काही गरज नव्हती. पण केलं. चावी काढली, सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि शर्टच्या खिशात टाकली. सपाटीवर इंजन बंद करणं म्हणजे काय, ते तिथं मला आणि पंचफुलालाच ठाऊक. पंचफुलानं माझा हात धरला.

वंदना झाली. भाऊजींनी चावी लावली, फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक. माळांचे दिवे मिणमिणले आणि गेले.

"ढकला रे!" पोरं धावली.

"हात लावू नका!" भाऊजी आतून ओरडले. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "कुणी हात लावायचा न्हाई!" पोरं जागच्या जागी थांबली.

बापूराव पारावर बसलेले होते. पत्ते खेळणारे बाकीचे गेले, कुणी देवाघरी, कुणी लेकाकडं शहरात. हेच राहिलेले, काठी घेऊन. ते उठले. काठी पाराला टेकवून ठेवली, हळूहळू गाडीच्या मागं आले, माझ्यापासून हातभर अंतरावर, आणि दोन्ही पंजे फळीवर टेकवले. एकटेच. या म्हातारपणी.

भाऊजींनी आरशात पाहिलं असणार. दार उघडलं, मागं आले. सगळी वस्ती ऐकत होती, सगळं गाव ऐकत होतं.

"हात काढा, बापूराव. तव्हा उठले न्हाई, आता काहून उठले?"

कुणी तरी शिट्टी मारली. मग हसणं. वस्तीतले सगळेच हसलो. बापूरावांनी हात काढले. त्यांचे दोन्ही पंजे निळे झाले होते. अंगावर पांढरं धोतर. ते हात कुठं पुसावेत ते त्यांना कळेना. अंगापासून लांब धरून तसेच उभे राहिले. भाऊजी त्या हातांकडं पाहत होते.

मग बॉनेट उघडलं. मिस्त्रींचं बोलणं आठवलं असावं. बोल्ट ढिला केला, चावीच्या टोकानं रंग खरवडला, लोखंड मोकळं केलं, पुन्हा आवळलं. सेल्फ मारला, गाडी सुरू. पोरांनी आरोळी ठोकली. मिरवणूक पुढं गेली. मी मागं वळून पाहिलं तर बापूराव पाराकडं चालले होते, काठीविना. काठी पारालाच टेकवलेली होती, पण निळ्या हातांनी ती धरायची की नाही याचा बहुतेक विचार करत असावेत.

त्या वाक्याचं वस्तीत गाणं झालं. कुणी उशिरा आलं, कुणी जेवणावरून उठलं की पोरं म्हणायची, "आता काहून उठले?" आणि खिदळायची. एकदा भाऊजींच्या दारात कुणी म्हणलं तर ते असे अंगावर धावून गेले की पुन्हा त्यांच्यासमोर कुणी म्हणलं नाही. आणि चावडीचा रस्ता त्यांनी परत सोडला. सेल्फवर चालणारी, दिवे लागणारी गाडी ओढ्याच्या वळशानं यायला लागली. घरापुढं आली की पुन्हा उतारावर, चाकाखाली दगड.

"आता काहून वळसा?" मी एकदा विचारलं.

"पयले तेंच्यापायी लाज वाटायची म्हणून जात नव्हतो, वैनी. आता माझ्यापायी वाटती म्हणून."

पंचफुला आतून तवा घेऊनच बाहेर आली. "काय केलं हो तुमी? खरं तेच बोलले! तेनं जल्मात एकदा हात लावला तर तेचं येवढं कौतिक? ही वस्ती जलमभर समद्यांच्या गाड्या ढकलून राहिली, तिचं कुणी कौतिक केलं?"

"तेला हात पुसायला जागा सापडली न्हाई, पंचफुला."

"घरी जाऊन धुतले असतील. पाणी हाय तेच्या घरी. आपल्याआधी नळ आला तेंना!"

मला पंचफुलाचं पटत होतं. खरं सांगू, अजूनही तिचंच जास्त पटतं. ज्याची लाज त्यानं वाहावी. दुसऱ्याच्या वाट्याची लाजसुद्धा आपल्याच खांद्यावर घेत फिरणारा माणूस पाहिला की मला राग येतो आणि रडूही येतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढून ते हात जात नव्हते, हेही मला दिसत होतं. जेवताना स्वतःच्या पंजाकडं पाहत बसायचे.

सोयाबीन निघालं त्या सुमारास माझी शिलाई मशीन बिघडली. तिचं डोकं काढून गाडीत मागं ठेवलं आणि आम्ही दोघं औंढ्याला निघालो. पंचफुला शेतात होती. ही माझी त्यांच्याबरोबरची शेवटची फेरी. त्याच थंडीत ते गेले, झोपेतच. पण त्या दिवशी चांगले होते. सुतळी ओढली, दगड निघाला. आणि ओढ्याकडं वळायच्या जागी त्यांनी गाडी सरळ गावात घातली.

मी पदर सावरून नीट बसले.

चावडीपुढं आलो. बापूराव पारावर एकटेच. पलीकडं दोन तरणी माणसं मोबाईलमध्ये डोकं घालून. भाऊजी पाराच्या अगदी समोर थांबले नाहीत. थोडे पुढं गेले, लिंबाच्या झाडापलीकडं, आणि तिथं गाडी उभी केली. इंजन बंद केलं. मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. मान एका बाजूला. खिडकीतून डोकं काढून म्हणाले,

"बापूराव, गाडी बंद पडली. जरा हात लावता का?"

चावी समोर लटकत होती. नुसती फिरवायची होती.

बापूरावांनी काठीवरची पकड बदलली. मग तिथूनच म्हणाले, "सेल्फ मारून पाहा की."

"मारला. न्हाई उचलत."

खोटं. त्या माणसाच्या तोंडून मी ऐकलेलं एकच खोटं.

मोबाईलवाल्यातला एकजण उठायला लागला. बापूरावांनी त्याला हातानं खाली बसवलं. काठी पाराला टेकवली. आले. येताना त्यांनी गाडीकडं नाही, खाली जमिनीकडं पाहिलं. तेव्हा मीही पाहिलं आणि मला कळलं. लिंबापलीकडं जमिनीला बोटभर उतार आहे. पावसाचं पाणी तिथूनच गटारीकडं जातं. परक्याला दिसायचा नाही इतका. आमच्या भाऊजींना गावातला एकूण एक उतार ठाऊक होता. आणि बापूराव? जन्मभर त्या पारावर बसलेला माणूस. पाणी कुठं जातं ते त्यांना ठाऊक नसेल का?

ते न थांबता गाडीच्या मागं गेले.

मागं फळीवर पंजे टेकल्याचा आवाज आला. आवाज कसला, नुसती चाहूल. भाऊजींनी ब्रेक सोडला. गाडी हलली, जराशी, मग अजून थोडी. मागून म्हाताऱ्या माणसाचं कण्हणं ऐकू आलं. भाऊजींनी दुसरा गियर टाकला, क्लच सोडला. गाडीला हिसका बसला आणि इंजन धडधडलं. भाऊजी थांबले नाहीत. आरशात पाहिलं नाही. दोन्ही हात स्टेअरिंगवर, डोळे रस्त्यावर, आणि त्या डोळ्यांत पाणी. मग वळणापाशी म्हणाले,

"वैनी, हात."

"इंडिकेटर हाय की, भाऊजी."

"हाय. पण तुमी हात दाखवा."

मी खिडकीतून हात बाहेर काढला. माझ्या बाजूच्या आरशात बापूराव रस्त्याच्या मधी उभे दिसत होते, ढकलायला पुढं केलेले हात अजून तसेच. माझा हात पाहिला आणि त्यांनी एक हात हळूच वर केला.

मी तो हात त्यांच्यासाठी काढला नव्हता. पण वळण होईपर्यंत आत घेतलाही नाही.